घरचा वाफा, बाजारचा वाफा

सुगीच्या रविवारी आमच्या धर्मग्रामातील शेतकरी कुटुंबे अर्पणविधीच्या वेळी आपापल्या वाडीतील पीक वेदीपाशी आणतात. केळीचे घड, दुधी, शिराळी, लाल माठाच्या जुड्या, मुळे, विड्याची पाने यांनी वेदीची पायरी भरून जाते. गेल्या वर्षी त्याच रविवारी संध्याकाळी एक शेतकरी आम्हांला भेटायला आले. वय साठीच्या पुढचे, चर्चच्या प्रत्येक कामात हातभार लावणारे गृहस्थ. अंगणातल्या बाकावर बसून बराच वेळ पावसापाण्याचे बोलले. मग खाली पाहत म्हणाले, "फादर, सकाळची टोपली मी घरच्या वाफ्यातली आणली. बाजारच्या वाफ्यातली देवापुढे ठेवायला हात धजला नाही. एवढ्यावरून काय समजायचे ते मी समजलो. आता तुम्ही सांगा, मी करतो ते पाप आहे का?"

हे संभाषण पापनिवेदनातील नव्हे. ते उघड्या अंगणात झाले आणि त्या गृहस्थांच्या संमतीनेच आम्ही ते येथे लिहीत आहोत. सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राचा अभ्यास केला, पुढे तीस वर्षे लोकांच्या शंकांना उत्तरे दिली. परंतु त्या संध्याकाळी आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. त्याला आणखी एक कारण होते. गेली दोन वर्षे दर शनिवारी त्यांच्या घरून धर्मगुरुनिवासात भाजी येत होती. ती कोणत्या वाफ्यातली, हे आता आम्हांला कळले होते.

त्यांच्या वाडीचे दोन भाग आहेत. घरालगत वाडवडिलांची विहीर आहे. तिचे पाणी अजून गोडे आहे, पण हिवाळा सरला की ते चार वाफ्यांपुरतेच उरते. दुसरा भाग खालच्या अंगाला, नाल्याच्या काठाला आहे. हा नाला पूर्वी पावसाळ्यानंतर कोरडा पडे. आता तो बारमाही वाहतो, कारण वरच्या बाजूला वसाहती झाल्या आणि हजारो घरांचे सांडपाणी त्यात उतरू लागले. आमच्या किनारपट्टीवर विहिरी मचूळ झाल्या, बावखले बुजली, टँकरच्या पाण्याने भाजी पिकवणे परवडत नाही. अशा वेळी ऐन मे महिन्यात डोळ्यांसमोरून वाहणारे पाणी पंपाने उचलावे, असे शेतकऱ्याला वाटले तर त्यात नवल नाही. शिवाय त्या पाण्यावर पालक आणि माठ असे तरारतात की विकतच्या खताची गरज कमी होते. शहराच्या मैलापाण्यात शंभरांत नव्व्याण्णव भागांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या अंशात जे असते त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश, म्हणजे पिकाचे अन्नही असते. त्या गृहस्थांनी दोन मुलींची शिक्षणे याच खालच्या वाफ्यावर केली.

प्रश्नाचा पहिला भाग असा की, मुळात हे पाणी वापरणे अपवित्र आहे काय? आमचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. मलमूत्राविषयी माणसाला वाटणारी किळस ही स्वाभाविक असली तरी ती नीतीची कसोटी नव्हे. 'अनुवाद' या पुस्तकात इस्राएलांच्या छावणीला नियम घालून दिला आहे की प्रत्येकाने छावणीबाहेर जाऊन खड्डा करावा आणि आपली विष्ठा मातीने झाकावी. म्हणजे मातीतून आलेले मातीला परत द्यावे, पण माणसांच्या वस्तीपासून दूर आणि झाकून. लूकच्या शुभवर्तमानातील माळी फळ न देणाऱ्या अंजिराला आणखी एक वर्ष मागून घेतो आणि मुळाशी खत घालण्याचे वचन देतो. प्रभूने आपल्या दाखल्यात खताला स्थान दिले, ही लहान गोष्ट नाही.

व्हिक्टर ह्यूगो यांनी १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीत कथानक थांबवून पॅरिसच्या गटारांवर कित्येक पाने लिहिली आहेत. शहर आपले सोन्यासारखे खत समुद्रात फेकून देते, अशी त्यांची तक्रार होती. पुढे काही वर्षांतच पॅरिसजवळच्या जेनव्हिलिए येथील मैदानावर शहराचे मैलापाणी सोडून भाजीपाला पिकवला जाऊ लागला. आपल्याच देशात कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. तेथील उथळ तळ्यांत सूर्यप्रकाश आणि शेवाळ यांच्या योगाने शहराचे मैलापाणी निवळते. त्यावर मासे वाढतात, आसपास भातशेती आणि भाजीपाला होतो. २००२ साली त्या प्रदेशाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा जे टाकाऊ ते पुन्हा अन्न व्हावे, ही सृष्टीची रीत आहे आणि तिला दोष देता येत नाही.

परंतु रीत निर्दोष असली तरी नाल्याचे पाणी निर्धोक ठरत नाही. चिलीची राजधानी सान्तियागो येथे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. त्या शहराचे न निवळलेले मैलापाणी नदीत आणि कालव्यांत उतरे आणि त्याच पाण्यावर कच्च्या खाण्याच्या पालेभाज्या पिकत. १९८०च्या दशकात तेथे दरवर्षी विषमज्वराचे हजारो रुग्ण आढळत. कालव्यांच्या पाण्यात त्या रोगाचे जंतू आहेत, हेही संशोधकांनी दाखवून दिले होते. तरीही फारसे काही बदलले नाही. १९९१ साली शेजारच्या पेरूमध्ये पटकीची साथ आली आणि ती चिलीत पोहोचली, तेव्हा मात्र सरकारने अशा पाण्यावर कच्च्या खाण्याच्या भाज्या पिकवण्यास मनाई केली आणि ती सक्तीने अमलात आणली. पटकी आटोक्यात राहिलीच, पण वर्षानुवर्षे घर करून बसलेला विषमज्वरही झपाट्याने ओसरला. माहिती आधीच होती. ज्ञान असून हात न हलवणे, हाच तेथील खरा रोग होता.

जंतूंचा आणि जंतांचा धोका धुण्याने कमी होतो, नीट शिजवण्याने बहुतांशी टळतो. पण मुळा, कोथिंबीर, पुदिना आपण कच्चेच खातो आणि जंतांची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. दुसरा धोका याहून मूक आहे. कारखान्यांचे पाणी गटारात मिसळले की शिसे, कॅडमियम यांसारखे धातू जमिनीत साठत जातात. ते शिजवूनही जात नाहीत आणि पालेभाज्या त्यांतले काही आपल्या पानांत ओढून घेतात. पॅरिसच्या वायव्येकडील पिएर्ले परिसरात शतकभर मैलापाणी दिलेल्या जमिनीवर २०००च्या सुमारास भाजी पिकवण्यास याच कारणाने बंदी घालावी लागली. तिसरा धोका तर आपल्याला दिसतही नाही, कारण तो गिऱ्हाइकाचा नाहीच. खालच्या वाफ्यात अनवाणी उभ्या राहून निंदणी करणाऱ्या मजूर बायांचा तो आहे. अंकुशकृमी पायाच्या त्वचेतूनच शरीरात शिरतो. आमच्या त्या गृहस्थांकडे येणाऱ्या आदिवासी मजूर बायांची मुले बांधावर खेळत असत. त्यांचा विचार त्या संध्याकाळी आम्हा दोघांनाही आधी सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता प्रश्नाचा गाभा. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात विकणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार केला आहे. मालातील दोष उघड असेल आणि त्या मानाने किंमत कमी घेतली असेल, तर विकणाऱ्याने तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. एकाक्ष घोड्याचा दोष कोणालाही दिसतो. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा त्याच्या जिवाला अपाय होण्यासारखा असेल, तर तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगता केलेली विक्री हा अन्याय होतो आणि झालेल्या हानीची भरपाई करण्याचे दायित्व विकणाऱ्यावर येते. या संदर्भात त्यांनी दिलेल्या उदाहरणांत नासलेले वा विषारी अन्न चांगले म्हणून विकण्याचेही उदाहरण आहे.

नाल्याच्या पाण्यावरची भाजी दिसायला सुंदर असते, किंबहुना अधिकच टवटवीत असते. तिचा दोष झाकलेलाच असतो. मग विकणाऱ्याला तो ठाऊक आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. त्याचे उत्तर घरचा वाफा देतो. शेतकरी आपल्या नातवंडांसाठी विहिरीच्या पाण्यावर वेगळी भाजी लावतो, त्या क्षणी त्याच्या सदसद्विवेकबुद्धीने निकाल दिलेला असतो. दुसऱ्या कोणा न्यायाधीशाची गरज राहत नाही. जे आपल्याला व्हावेसे वाटते तेच दुसऱ्यासाठी करावे, हा प्रभूचा सुवर्णनियम आपण पाठ केला आहे. चार वाफ्यांच्या मधला बांध त्या नियमाच्या आड येतो.

त्या गृहस्थांनी वाद घातला आणि तो रास्त होता. ते म्हणाले, "फादर, मी एकट्याने सांगितले तर माझीच भाजी बाजारात पडून राहील. शेजारी गप्प राहील आणि त्याची खपेल. शिवाय ही घाण माझी आहे का? वरच्या वसाहतीतले साहेब लोक सकाळी साखळी ओढतात आणि संध्याकाळी येऊन जुडीमागे दोन रुपये कमी करा म्हणतात." आम्ही गप्प राहिलो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ सालच्या आकडेवारीनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यांपैकी २०,२३६ दशलक्ष लिटर पाण्यावरच प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. म्हणजे शंभर लिटरांतले सुमारे बहात्तर लिटर तसेच नदीनाल्यांना मिळत होते. शहराने गावाचे स्वच्छ पाणी धरणातून ओढून घ्यावे, ते मळवून परत करावे, त्यावर पिकलेली भाजी स्वस्तात मागावी आणि शेवटी शेतकऱ्यालाच दोषी ठरवावे, हा न्याय नव्हे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या पत्रात सुरक्षित पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो हक्क गिऱ्हाइकाला आहे, तसाच शेतकऱ्यालाही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धर्मगुरुनिवासाच्या मागे गेलो. सेप्टिक टाकी शेवटची कधी उपसली ते आमच्या सेवकालाही आठवेना. टाकीचा वरचा नळ रस्त्याकडेच्या गटारात उतरला होता आणि ते गटार पुढे त्याच नाल्याला मिळत होते. शेजारच्या आमच्या शाळेची गतही तीच. शेकडो मुलांचे सांडपाणी त्या वाटेने खालच्या वाफ्यात जात होते आणि तेथल्या भाजीची जुडी बाजारातून त्याच मुलांच्या घरी परतत होती. आम्ही मात्र घरच्या वाफ्यातली भाजी खात होतो.

नीतिशास्त्रात 'दुष्कृत्यातील सहभाग' असा एक विषय आहे. वाईटाची इच्छा धरून केलेला सहभाग निराळा आणि इच्छा नसताना हातून घडलेला सहभाग निराळा. जवळचा सहभाग निराळा, दूरचा निराळा. या भेदांचा उपयोग स्वतःला मोकळे करण्यासाठी करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आम्हांलाही झाला. पण त्यांचा खरा उपयोग वजन ठरवण्यासाठी आहे. सगळेच दोषी आहेत असे म्हणून सुस्कारा सोडला की कोणालाच काही करावे लागत नाही. ज्याला अधिक ठाऊक आहे आणि ज्याच्या हाती अधिक आहे त्याचा वाटा अधिक. नगरपालिका, वसाहत बांधणारे, आमच्यासारख्या संस्था, मग शेतकरी आणि शेवटी गिऱ्हाईक, असा तो क्रम आम्हांला दिसतो. परंतु क्रमाने शेवटी असलेल्याचाही वाटा शून्य होत नाही.

मग करावे काय? नाल्याचे पाणी सोडून द्या असे म्हणणे सोपे आहे. त्या घरची चूल त्याने विझेल. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली पाण्याच्या शुद्धतेचे कठोर माप सांगितले होते: कच्च्या खाण्याच्या पिकांना द्यायच्या पाण्यात दर लिटरला जंताचे एकाहून अधिक अंडे असू नये. २००६ साली तिने त्यात व्यवहार आणला. पाणी पूर्ण शुद्ध करणे जेथे शक्य नाही तेथे शेतापासून ताटापर्यंत एकामागून एक अडसर घालावेत, असा तो विचार आहे. पाणी आधी तळ्यात साठवून गाळ खाली बसू द्यावा. ते पानांवर न शिंपडता ठिबकने मुळाशी द्यावे. काढणीच्या आधी काही दिवस पाणी तोडावे. कच्ची खायची भाजी त्या पाण्यावर घेऊच नये. तेथे फुले घ्यावीत, लाकडाची झाडे लावावीत. मजुरांना गमबूट द्यावेत. काढलेली भाजी नाल्यात बुडवून ताजी करण्याची सवय तर आजच मोडावी. कारखान्याचे पाणी मिसळत असेल तेथे मात्र हे उपाय पुरेसे नाहीत; तेथे भाजी न लावणेच बरे.

यांतली प्रत्येक गोष्ट शेतकऱ्याच्या अंगावर टाकणे मात्र अन्याय्य होईल. पुणे शहर खडकवासला धरणातून जे पाणी घेते त्याच्या बदल्यात साडेसहा टीएमसी पाणी प्रक्रिया करून शेतीला परत द्यावे, असे ठरलेले आहे आणि त्यासाठी मुंढव्याहून पाणी उपसून कालव्यात सोडण्याची योजना उभी राहिली. त्या पाण्याच्या शुद्धतेविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत. तरीही त्यामागचे तत्त्व मोलाचे आहे. शहर शेतीचे देणे लागते आणि ते देणे शुद्ध करून फेडायचे असते. प्रत्येक नगरपालिकेला हा हिशेब विचारणे, हे ख्रिस्ती नागरिकाचे कर्तव्य आहे.

त्या गृहस्थांना आम्ही आठ दिवसांनी उत्तर दिले. आम्ही म्हणालो, "काका, नाल्याचे पाणी वापरणे हे पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण मधला बांध काढा. जे घरी खाणार नाही ते विकू नका आणि जे विकाल ते घरी खा." त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "आणि फादर, शनिवारची टोपली? ती कुठल्या वाफ्यातली आणू?" आम्ही म्हणालो, "बाजारात जाईल त्याच वाफ्यातली."

त्यानंतर वर्ष झाले. मुळा आणि कोथिंबीर त्यांनी वर विहिरीवर नेली. ती आता थोडीच होते. खालच्या अर्ध्या भागात मोगरा लावला आहे, उरलेल्या भागात दुधी आणि शिराळी मांडवावर चढवली आहेत. एक खड्डा खणून पाणी दोन दिवस निवळू देतात. कामाच्या बायांना गमबूट घेतले. उन्हाळ्यात पाय भाजतात म्हणून त्या ते काढून ठेवतात, हेही खरे. उत्पन्न घटले आहे आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी आम्हांला तसे तोंडावर सांगितले. शेजाऱ्याने काही बदललेले नाही. आमची आणि शाळेची टाकी उपसून नवी बांधली, शोषखड्डे घेतले. त्याचा खर्च ऐकून आमच्या वित्त समितीत कुरकुर झाली. वरच्या वसाहतींचे पाणी अजून नाल्यात येते आणि नाला काळाच आहे. नगरपालिकेला दिलेल्या अर्जावर धर्मग्रामातील दोनशेहून अधिक कुटुंबांच्या सह्या आहेत. उत्तराची वाट पाहत आहोत.

यरीहो नगराचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे तक्रार घेऊन आले होते की नगर चांगले आहे, पण पाणी वाईट आहे आणि जमीन फळ देत नाही. अलीशा त्यांच्या शेतांत गेला नाही. तो पाण्याच्या उगमापाशी गेला आणि तेथे त्याने मीठ टाकले. आपल्या नाल्याचा उगम कोठे आहे हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो आपल्या घराच्या मागच्या भिंतीला आहे.

वाचकहो, घरचा वाफा केवळ शेतकऱ्याच्याच वाडीत असतो असे नाही. गवळी आपल्या घरासाठी दूध वेगळे काढून ठेवतो, शिक्षक आपल्या मुलाला निराळ्या मनाने शिकवतो आणि धर्मगुरूही व्यासपीठावरून एक सांगून स्वतःसाठी दुसरे राखून ठेवतो. त्या शेतकऱ्याने निदान देवापुढे टोपली ठेवताना तो भेद ओळखला आणि आपल्या दारी येऊन विचारले. पुढच्या सुगीच्या रविवारी वेदीपाशी जाताना आपल्या टोपलीत कोणत्या वाफ्यातले आहे, हे आपणही एकदा पाहून घ्यावे.